मंग हारलेलीचं काय झालं?

आसेगावात माझं घर दोन सख्ख्या जावांच्या मधोमध आहे. डाव्या हाताला थोरल्या काकू, उजव्या हाताला धाकट्या. मूळ जागा एकाच खटल्याची. वाटणी झाली, मधला तुकडा विकायला निघाला, तो आम्ही घेतला. दोन्हीकडे तुराट्यांचं कुंपण. जावांना एकमेकींशी जे बोलायचं असतं ते माझ्या अंगणावरून जातं, आणि बोलणं बंद असेल तेव्हा माझ्या मार्फत जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढल्यामुळे मी दोघींची ‘बाई’. वयानं लहान असूनही अहोजाहो मला, आणि पंचगिरीही माझ्याकडेच.

परवा उन्हं उतरल्यावर मुंगवड्या गोळा करत होते, तर टप्पकन पांढरा चेंडू ताटात. थोरल्या काकूंची नात अकोल्याहून सुटीला आली आहे. ओसरीतल्या तखतावर मधोमध विटांची रांग लावून तिचं टेबल टेनिस चालतं. समोर कोणी मिळालं नाही तर तखत भिंतीला लावायचं आणि भिंतीशी खेळायचं.

“बाई, आमच्या पोट्टीचा चेंडू आला का तिकडे?” काकू कुंपणाशी.

“आला ना. दोन वड्या फुटल्या.”

“काय खेय हाय बाप्पा! दिवसभर टकटक टकटक. मी म्हनलं, अव माय, हा पोट्ट्यायचा खेय, तुले कायले पायजे?”

“पोट्ट्यांचाच काही नाही. या खेळात बायांची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. १९५२ साली.”

“बायायची? आन् मुंबईत? काऊन खोटं सांगता!”

“पुरुषांचीही होती. पण बायांची गोष्ट जास्त रंगलेली आहे.”

काकूंनी दोन्ही हात तुराट्यांवर टेकले. म्हणजे आता चहाचं आधण उशिरा पडणार.

सांगायला मलाही आवडतं. फेब्रुवारीची १ ते १० तारीख, चर्चगेटजवळचं ब्रेबॉर्न स्टेडियम. टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशियात भरण्याची ती पहिलीच वेळ. आपला मुलूख तेव्हा मुंबई राज्यात नव्हताच. वाशीम, मंगरूळपीर सगळं अकोला जिल्ह्यात, अकोला मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. इथून कोणाला पाहायला जायचं असतं तर कारंज्याला शकुंतला गाडी धरायची, मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून मुंबईची मोठी गाडी.

“आमच्या मामंजीनं पायली होती मुंबई,” काकू म्हणाल्या. “कापसाच्या कामानं गेल्ते. थे कुठी बायायचा खेय पाहाले जातात!”

पाहायला गेले असते तरी मामंजींनी पुरुषांचाच पाहिला असता, कारण सगळ्यांनी तोच पाहिला. त्या दहा दिवसांत पेपरांना बातम्यांची कमी नव्हती. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपत आली होती, ६ तारखेला इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज वारला. आणि टेबलावर हिरोजी सातो नावाचा, चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा जपानी, बॅटला जाड स्पंज लावून आलेला. तोवर बॅटला बारीक टिपक्यांचं कडक रबर असायचं. चेंडू लागला की टक्‌ वाजायचं, आणि कान तयार असलेला खेळाडू त्या आवाजावरून चेंडूचा जोर ताडायचा. सातोच्या बॅटला आवाजच नाही. युरोपातले मोठमोठे खेळाडू गोंधळले आणि सातो पुरुषांचा जगज्जेता झाला. तेव्हापासून मुंबईच्या त्या स्पर्धेचं नाव काढलं की जो तो सातोचा स्पंज काढतो. माझी तक्रार एवढीच, की त्याच स्टेडियमवर बायांच्या एकेरीची फायनल झाली, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

“तुमी काढा ना मंग. कोन कोन होत्या?”

“एक अँजेलिका रोझेआनू, रुमानियाची. वय तीस. दुसरी गिझी फार्काश, हंगेरीची, तिच्याहून चार वर्षांनी लहान.”

“लग्न झालेल्या?”

“रोझेआनू हे नाव सासरचंच. माहेरची आडेलस्टाइन.”

“हाव का! तीस वर्साची लग्न झालेली बाई, अन् चेंडू खेयाले मुंबईले आली.” काकूंचं मत रोझेआनूबद्दल तिथेच चांगलं झालं. पण ते फार टिकलं नाही, कारण पुढची गोष्ट फार्काशची होती.

गिझी फार्काश १९४७ ला पॅरिसमध्ये जगज्जेती झाली. १९४८ ला लंडनमध्ये पुन्हा तीच, १९४९ ला स्टॉकहोममध्ये पुन्हा तीच. लागोपाठ तीन वर्षं. १९५० ची स्पर्धा बुडापेस्टला, म्हणजे तिच्या स्वतःच्या देशात, राजधानीत. फायनलला समोर रोझेआनू, आणि फार्काश हरली.

“आपल्या गावात? आपल्या मान्सायसमोर?” काकूंनी गालावर हात ठेवला. “अव माय! मंग थे हारलेली काय म्हने?”

“काय म्हणणार. पुढच्या वर्षी व्हिएन्नाला पुन्हा फायनलला आली. समोर पुन्हा रोझेआनू. पुन्हा हरली.”

“अन् मंग मुंबई?”

“मुंबई. पुन्हा त्याच दोघी. पुन्हा तोच निकाल.”

“बाप्पा बाप्पा! त्या फार्काशनं बिच्चारीनं कोनाचं काय बिघडवलं होतं?”

“थांबा, झालं नाही. १९५३ ची स्पर्धा बुखारेस्टला, रोझेआनूच्या घरी. फायनलला कोण?”

“सांगू नका,” काकू म्हणाल्या. “मले वाईट वाटते.”

चार वर्षं, चार शहरं, त्याच दोन बाया. खेळाच्या पुस्तकांत विजेतीचं नाव ठळक छापतात आणि उपविजेतीचं बारीक. त्या चार ओळी वाचल्या की मला ते बारीक नावच मोठं दिसायला लागतं. फायनलला येऊन हरायचं म्हणजे आधी बाकी जगातल्या सगळ्यांना हरवून यावं लागतं, हे लोक विसरतात. फार्काशनं ते चार वर्षं केलं, समोर कोण उभी राहणार हे जवळजवळ ठाऊक असताना.

उजवीकडच्या कुंपणाआड तांदूळ पाखडण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. सूप हातात घेऊन धाकट्या काकू पुढे आल्या. जावेशी थेट बोलणं सध्या कमी आहे, म्हणून माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “त्या दोघी एकमेकीशी बोलत असतीन का हो बाई?”

हा प्रश्न मला हवाच होता. १९५३ च्या त्याच बुखारेस्टच्या स्पर्धेत बायांच्या दुहेरीचं जगज्जेतेपद कोणत्या जोडीनं जिंकलं माहीत आहे? गिझी फार्काश आणि अँजेलिका रोझेआनू. एकेरीत समोरासमोर, दुहेरीत टेबलाच्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून.

दोन्ही कुंपणं गप्प.

“दोघी मियून?” थोरल्या काकूंनी खात्री करून घेतली.

“दोघी मिळून.”

“तं मंग बोलतच असतीन,” धाकट्या काकू सुपाकडे बघत म्हणाल्या. टेबल टेनिसच्या दुहेरीत दोघींना आळीपाळीनंच चेंडू मारावा लागतो, एकीनं मारला की बाजूला सरकून दुसरीला जागा द्यायची, हे मी मुद्दाम सांगितलं. त्यावर कोणी काही बोललं नाही. मीही विषय ताणला नाही.

थोरल्या काकूंचा रोझेआनूवरचा राग जावा म्हणून मी तिचीही बाजू मांडली. आठ वर्षांची असताना ती स्कार्लेट तापानं अंथरुणाला खिळलेली. भावानं करमणुकीला घरी टेबल टेनिसचं सामान आणलं, तिथून सुरुवात. पुढे महायुद्ध. ती ज्यू, रुमानियात ज्यूंना खेळाच्या जागी पाऊल टाकायलाच बंदी आली. एकोणीस ते तेवीस, खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षं, बॅटशिवाय गेली. बुडापेस्टला पहिल्यांदा जगज्जेती झाली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. खेळ बचावाचा. टेबलापासून मागे हटून प्रत्येक चेंडू खालून कापून परत करायचा, ज्याला चॉप म्हणतात. समोरची वैतागून चुकली की गुण हिचा, आणि संधी दिसली की मात्र पुढे येऊन फटका. १९५० ते १९५५ सलग सहा वर्षं एकेरीची जगज्जेती. सांघिक, दुहेरी, मिश्र दुहेरी सगळं धरलं तर १७ जागतिक सुवर्णपदकं. मुंबईतही एकेरीबरोबर मिश्र दुहेरी तिनं हंगेरीच्या फेरेन्स सिडोच्या जोडीनं जिंकली. जपानी पोरींनी बायांचं सांघिक पद आणि दुहेरी तिथून नेली, एकेरी मात्र त्यांना मिळाली नाही. ती त्यांना मिळायला १९५६ उजाडलं, आणि तेव्हापासून आजवर युरोपातली एकही बाई एकेरीची जगज्जेती झालेली नाही. रोझेआनू १९६० साली देश सोडून इस्राएलला गेली.

“लेकरंबाकरं?”

“एक मुलगी.”

“असू दे,” थोरल्या काकूंनी माफ केलं. “पन मले थे दुसरीच आवडली.”

मग साहजिक प्रश्न आला, की आपल्या बाया कुठे होत्या. त्याच १९५२ साली सिंगापूरला आशियाई स्पर्धा झाली, तिथे मुंबईची पारशी मुलगी गुल नासिकवाला एकेरीची विजेती ठरली. हे मी सांगितलं तर धाकट्या काकूंना नावातल्या नाशिकचंच जास्त कौतुक. पुढे पुण्याच्या मीना परांडे, मग १९७६ चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या शैलजा साळोखे. १९७८ ला क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत आपल्या इंदू पुरीनं उत्तर कोरियाच्या पाक युंग सुनला हरवलं. ही पाक त्या वेळची जगज्जेती, आणि तिनं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं होतं ते १९७५ ला आपल्याच कलकत्त्यात. आणि २०१८ चं गोल्ड कोस्ट तर पोट्टीलाही पाठ. मनिका बत्रानं राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण घेतलं, उपांत्य फेरीत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला आणि फायनलला यू मेंग्यूला हरवून. बायांच्या संघानंही तिथे सोनं जिंकलं, त्यात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होती.

“आजी, पॅरिसचं सांग ना बाईंना!” ओसरीवरून पोट्टी ओरडली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ ला, मनिका आणि हैदराबादची श्रीजा अकुला दोघीही एकेरीत शेवटच्या सोळांत पोचल्या. तोवर आपली कोणीच तिथवर गेली नव्हती. सांघिक सामन्यात पोरींनी पहिल्याच फेरीत ३-२ नं ज्यांना घरी पाठवलं तो देश रुमानिया.

“म्हंजे त्या रोझेआनूच्या गावचे?” थोरल्या काकूंचा चेहरा उजळला. फार्काशचा थोडा हिशेब चुकता झाल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

चहा आता राहिलाच होता, म्हणून मी बाडेनची गोष्टही काढली. ऑस्ट्रियातलं बाडेन, १९३७. त्या काळी खेळाडू चेंडू नुसता परत करत बसायचे. आदल्या वर्षी प्रागला पुरुषांच्या एका सामन्यात पहिलाच गुण दोन तासांहून जास्त चालला होता. त्यावर उपाय म्हणून सामन्याला वेळेची मर्यादा घातली गेली. आणि बायांच्या फायनलला अमेरिकेची रूथ एरन्स, जी आदल्या वर्षीची विजेती, आणि ऑस्ट्रियाची सतरा वर्षांची ट्रूडे प्रिट्सी. वेळ संपली, सामना संपला नाही. पंचांनी दोघींनाही बाद केलं आणि त्या वर्षीचं एकेरीचं पद रिकामं ठेवलं.

“दोघीयलेबी नाई?”

“दोघींनाही नाही. विजेत्यांच्या यादीत ती ओळ कोरी.”

“मंग देऊन टाकाचं ना अर्धं अर्धं!”

“दिलं. २००१ साली आंतरराष्ट्रीय महासंघानं दोघींना संयुक्त विजेत्या जाहीर केलं.”

काकूंनी बोटांवर हिशेब केला. “चौसष्ट वर्सांनी? होत्या का तवा दोघी?”

“नाही. दोघीही वारल्या होत्या.”

“म्हंजे सातबाऱ्यावर नाव चढलं, पन धनी मेल्यावर.” यावर दोन्ही जावा एकाच वेळी हसल्या, कारण या घरात तो अनुभव आहे. कोणत्या गटाचा, ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

त्यातली प्रिट्सी पुढल्याच वर्षी, १९३८ ला, रीतसर जगज्जेती झाली, आणि १९४७ ला पॅरिसमध्ये तिनं दुहेरीचं पद जिंकलं ते गिझी फार्काशच्या जोडीनं. काकूंना फार्काशचं नाव पुन्हा निघाल्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी पोट्टीला चहा टाकायला सांगितला, माझाही.

चहा कुंपणावरून आला. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. दिल्ली, १९८७.

जागतिक स्पर्धा तिसऱ्यांदा भारतात. तोवर बायांची एकेरी म्हणजे चीनचं घरचं कार्य झालेलं. उपांत्य फेरीत चीनच्याच दोघी समोरासमोर आल्या, हे झिली आणि ग्वान जिएनह्वा. फायनलला दक्षिण कोरियाची यांग यंग-जा येणार. चिनी प्रशिक्षकांनी हिशेब केला की यांगसमोर ग्वान जास्त चालेल, आणि हे झिलीला हुकूम दिला, की तू आज हर.

“हर म्हनले?” धाकट्या काकू.

“हो. मुद्दाम. चीनमध्ये तेव्हा ही रीतच होती. कोण कोणासाठी वाट सोडणार ते वरून ठरायचं, आणि खेळाडू मानायचे.”

“मंग हारली?”

“नाही हरली. टेबलावर गेली आणि खरंखुरं खेळून ग्वानला हरवलं. मग फायनलला यांगलाही हरवलं. जगज्जेती झाली.”

“शाब्बास!” थोरल्या काकूंचा कप बशीत आपटला.

“शाब्बास म्हणणारं तिकडे कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी सेऊलला ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिस पहिल्यांदाच आलं. चालू जगज्जेती ही. पण चीनच्या संघात हिचं नाव नाही. मग तिनं एका जपानी इंजिनीअरशी लग्न केलं, जपानला गेली, नाव घेतलं कोयामा चिरे. आणि १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई खेळांत जपानकडून उतरली. वय तीस. फायनलला समोर चीनची डेंग यापिंग, जिला त्या काळी हात लावायची कोणाची छाती नव्हती.”

“आता सांगू नका की हारली!”

“जिंकली. आणि गुण मिळाला की जपानी भाषेत ओरडत होती. चीनमध्ये लोक त्यावर फार चिडले. पराभवापेक्षा त्या ओरडण्यावर जास्त.”

“चिडतीनच,” धाकट्या काकूंनी सूप खाली ठेवलं. “हे काई बरोबर नाई केलं तिनं. ज्या घरचं खाल्लं त्याच्यावर उलटली.”

“अन् त्यायनं काय केलं तिच्यासंग? खरं खेयली म्हनून घराबाहीर काढली ना?” थोरल्या काकू आता थेट जावेशी बोलत होत्या, माझ्या डोक्यावरून.

“पयले आयकलं असतं तं काढलीच नसती. एकटीसाठी नसते खेयत, साऱ्यायसाठी खेयते. मोठे मानसं सांगतात त्याले काई मतलब असन ना?”

“मतलब काय, त्या दुसरीले मेडल द्याचा!”

मी मध्ये पडले, की थोरल्या काकूंना हरलेलीची फार काळजी असते, तर डेंगचंही सांगते. उंची जेमतेम दीड मीटर. लहानपणी बुटकी म्हणून प्रांताच्या संघात घेत नव्हते. हिरोशिमाला हरली, आणि दोन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही सुवर्णं घेऊन आली. पण या वेळी डेंगकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“मी तं म्हनतो, तिनं आयकाले पायजे होतं,” धाकट्या काकूंनी निकाल दिला. “कायदा म्हंजे कायदा. वरच्यानं सांगतलं, खालच्यानं केलं.”

“हाव?” थोरल्या काकूंनी चहाचा कप कुंपणाच्या खुंटावर ठेवला. “सासूबाईनं तुले काय सांगतलं होतं? वायली चूल मांडू नको. आयकलं होतं का तू?”

“थे गोठ अलग हाय, जाऊबाई.”

“काऊन अलग? सांग ना. बाई बी आयकून रायल्या.”